जुडीसाठी चूलबंद आवतन

मी लहान असताना म्हसावदचे निम्मे टीव्ही आमच्या घरात राहून गेले, पण त्यातला एकही आमचा नव्हता. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, टीव्ही दुरुस्त करायचे. बाजारात एका किराणा दुकानाच्या ओट्याला लागून त्यांची पत्र्याची टपरी होती. जागा इतकी कमी की मोठे टीव्ही ते सायकलला बांधून घरी आणत. टीव्ही बरा झाला की खात्रीसाठी तासभर चालू ठेवत. तो तास आमचा. मालक आला की पिक्चर कुठेही असो, नाना बटण बंद करत, वायर गुंडाळत आणि टीव्ही उचलून देत. नायिकेचं लग्न झालं की नाही, चोर सापडला की नाही, हे आम्हा दोघी बहिणींना आजपर्यंत माहीत नाही.

मग सपाट टीव्ही आले. ते बिघडले की लोक सरळ नवीन घ्यायचे. नानांची टपरी आधी अर्धा दिवस, मग फक्त बाजाराच्या दिवशी उघडू लागली, मग बंदच झाली. जमीन आमच्याकडे नव्हतीच. माय कळसाडीला हिराकाकींच्या शेतात कापूस वेचायला जायची, कापूस संपला की निंदणीला. बोंडाच्या टोकांनी तिच्या बोटांना चिरा पडत. मला अकरावीला घातलं तेव्हा गल्लीतली एक बाई तिला म्हणाली होती, "पोर शिकीसनी काय टीव्हीमा जावाव शे का?" मायने ते फक्त लक्षात ठेवलं.

मी शहाद्याच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. नानांच्या आणि मायच्या, दोन्ही बाजूंनी कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा काही जणांना बढाई वाटते. वाटू दे.

एक टीव्ही मात्र आमच्या घरात राहिला होता. जाड पाठीचा, कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलेला. मालक परत आलाच नाही. दुसऱ्याची वस्तू म्हणून नाना तो कधी लावत नसत. जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता.

म्हसावद

ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर एक कार्यक्रम लागतो. त्यात एक बाई देशोदेशी फिरते, लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते, त्यांच्या चुलीवर त्यांच्यासारखं रांधायला शिकते. ह्या बाईला सातपुड्यातली आमचूर करणारी घरं दाखवायची होती. मुंबईतल्या एका माणसाने दुभाषी शोधायला सुरुवात केली. अट अशी की इंग्रजी यावं, अहिराणी यावी आणि गावातल्या बायका जिच्याशी मोकळ्या बोलतील अशी बाई हवी. माझ्या कॉलेजच्या मॅडमनी माझं नाव दिलं. असं ते जुळलं.

जुडी पन्नाशीच्या पुढची, पांढऱ्या केसांची, उन्हाने नाक लाल झालेली बाई निघाली. बरोबर कॅमेरावाला टॉम, आणि गाडी चालवायला आमच्याच गावचे दगडूभाऊ. पहिल्याच तासात ती मला म्हणाली, मला जुडीच म्हण, मॅडम नको. घरी चहाला नेलं तेव्हा मी तिला जुडी म्हणाले आणि मायने मला आत बोलावून घेतलं.

"तुन्ही मायनी उमरनी बाई, अन् नाव लीसनी बलावस?"

"तिनंच सांगं, माय."

"तिनं सांगं म्हनीसन तू ऐकी लेवाव का?"

नाना तोवर टॉमच्या कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारून आले होते. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की ह्याच्यात बिघाड झाला तर तो कुठून उघडतात. टॉमने उघडून दाखवलं. नाना बराच वेळ आत बघत राहिले, हात मागे बांधून.

कळसाडीकडे निघाल्यावर जुडीने गाडीत पुरस्काराचं सांगितलं. तिकडे टीव्हीवर कार्यक्रम सादर करणाऱ्यांना दरवर्षी एक पुरस्कार देतात. त्याला परीक्षक नसतात. लोक मत देतात, लोकांना सगळ्यात आवडता कोण ते लोकच ठरवतात. आधी मतांवरून थोडी नावं अंतिम यादीत घेतात, मग त्यातून एक. जुडी कधीच त्या यादीत आली नव्हती. ह्या वर्षी तिच्या चॅनेलने तिला स्पष्ट सांगितलं होतं की यादीत नाव आलं तर कार्यक्रम पुढे चालू, नाही तर बंद, आणि जे भाग अर्धवट आहेत ते तसेच टाकून द्यायचे.

"अर्धवट म्हणजे कोणते?" मी विचारलं.

"हाच," ती म्हणाली. "बाकी सगळे झालेत."

मतदान त्याच आठवड्यात संपणार होतं. मी दगडूभाऊंना सगळं समजावलं. ते एका हाताने स्टिअरिंग धरून ऐकत होते.

"मंग देऊ ना आपन मत. बठ्ठं म्हसावद दी."

"आपलं चालत नही, भाऊ. तठे ऱ्हानारासलेच देता येस."

"म्हंजे पाव्हनी आपली, अन् मत तेस्नं." त्यांना हे काही पटलं नाही.

पण मला एक सुचलं होतं. हिराकाकींची मुलगी मेलबर्नला दिली आहे. काकी गुजर समाजातल्या, आणि आपल्याकडच्या गुजरांची तापीकाठची किती पोरं-पोरी तिकडे आहेत ते काकींना तोंडपाठ. कुणाचा नंबर कुणाकडे, कोण कुणाचा मेहुणा, सगळं. काकींनी मनावर घेतलं तर निरोप चुलीचुलीतून जाईल. जुडीला मी हे सांगितलं तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. खरं तर इथूनच माझी चूक सुरू झाली.

कळसाडी

जे कधी इकडे आले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वैशाखात पाहुणा आला की आमच्याकडे आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण ती लाटून पुरत नाही. ती दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरत न्यायची आणि पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायची. पातळ इतकी की खालची आच दिसावी. हे काम सगळ्यांना येत नाही. मला बी.ए. होऊनही येत नाही.

काकींनी सकाळपासून तयारी केली होती. पाट मांडले होते, रस गाळून ठेवला होता, डाळीला फोडणी बसली होती. जुडी चुलीपुढे बसली, तिने हात धुतले, काकींनी तिच्या हातावर पोळी ठेवली. ती पहिल्याच झेलण्यात फाटली. काकी पदर तोंडाला लावून हसल्या. दुसरी फाटली. तिसरी खापरावर अर्धी बसली, अर्धी चुलीत गेली.

"तिले सांग," काकी मला म्हणाल्या, "मन्ही सून पाच वरीस फाडी ऱ्हायंती."

मी सांगितलं. जुडी इतकी हसली की टॉमला कॅमेरा थोडा खाली घ्यावा लागला. सगळं छान चाललं होतं. मग काकींनी ताट वाढलं. मांडा चार घड्या घालून, वर तूप, बाजूला रसाची वाटी, डाळ, कुरडई. जुडीने एक घास खाल्ला आणि डोळे मिटून "उम्म" केलं. दुसरा घास, पुन्हा उम्म. टॉम म्हणाला, बाहेरचा उजेड चालला आहे, केळीच्या बागेत आत्ताच जायला हवं. जुडी काकींना हात जोडून उठली. ताट तसंच.

मला दिसत होतं. आमच्याकडे ताट टाकून उठणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. त्या बाईला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण दिवसभर मी इंग्रजी बोलत होते, माझं वाक्य कुठे अडत नव्हतं, टॉम मला कामातली माणूस म्हणून वागवत होता. उजेडाचं महत्त्व कळणाऱ्यांच्या बाजूची झाले होते मी. आपले लोक ताटावरून रुसतात हे सांगायची मला लाज वाटली. मी पण उठले.

निघताना काकी ओट्यावर उभ्या होत्या. पितळी ताट त्यांनी दुसऱ्या ताटाने झाकून आत ठेवलं होतं.

"काकी, तेवढं तिकडच्या लोकांना मतांचं सांगाल ना?" मी विचारलं.

"सांगसू. आवतन धाडी दिसू." मग जुडीकडे बघत, अगदी सहज, "सरू, ही जेवनारी बाई नही. चाखनारी शे."

मी हसले. हसण्यावारी नेलं.

घाट

धडगावला मी त्याआधी एकदाच गेले होते, एका दाखल्याच्या कामासाठी. आम्ही खालचे लोक धडगाव म्हणत नाही, "वर" म्हणतो. वर नोकरी लागली, वर बदली झाली. जुडीने मला विचारलं, तिथले लोक कसे आहेत. मी जे सांगितलं ते सगळं ऐकीव होतं, हे मला बोलता बोलताच कळत गेलं.

म्हसावद सुटलं की ऊस आणि केळी हळूहळू मागे पडतात. जमीन तांबूस होते, मग नुसता दगड. वैशाखातला सातपुडा उघडा असतो. साग निष्पर्ण, गवत जळालेलं, डोंगराच्या बरगड्या दिसतात. त्यात मध्येच आंब्याचं एखादं झाड इतकं गर्द हिरवं, की कुणीतरी ते आत्ताच आणून लावलंय असं वाटावं. जुडी म्हणाली, आमच्याकडे पण मोठा मुलूख असाच कोरडा आहे, पण तिथे मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. इथे प्रत्येक टेकडीवर एक घर आहे. ते खरं होतं. इकडे गाव म्हणजे एकाला एक लागून घरं नसतात. एक घर ह्या टेकाडावर, दुसरं समोरच्या, आणि मध्ये हाक जाईल एवढं अंतर.

अर्ध्या घाटात एक जीप आडवी थांबलेली होती. आत, टपावर, मागे लोंबकळत माणसं. चालक बॉनेट उघडून वाफ निवायची वाट बघत होता. दगडूभाऊंनी आमच्या पिण्याच्या पाण्यातले दोन कॅन न विचारता त्याला देऊन टाकले. जुडी कठड्याशी उभी राहून दरी बघत होती, तेवढ्यात तिची टोपी वाऱ्याने उडाली आणि फिरत फिरत खाली गेली. टपावरची सगळी माणसं तिच्याबरोबर ती टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग टपावरून एका बाईने आपल्या डोक्याचा पंचा सोडून खाली टाकला. जुडीने तो बांधला. पुढचे तीन दिवस तो तिच्या डोक्यावर होता, भागात पण आहे.

धडगावच्या वर

रुमलीबाई पावरा समाजातल्या. धडगावच्याही पुढे, गाडी जिथे थांबते तिथून अर्धा तास चालून त्यांचं घर. घरात पावरी बोलतात, ती मला येत नाही. पण त्या बचत गटाच्या कामासाठी तालुक्याला जातात, त्यामुळे मराठी स्वच्छ. माझ्या मराठीपेक्षा सावकाश आणि जास्त नीट.

घरापुढे, दगडांवर, बाजेवर, छपरावर, जिथे बघावं तिथे कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या. हवेलाच आंबट वास. फोडी पांढऱ्या, मग पिवळट, मग तपकिरी. रुमलीबाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. कैरीचा चीक. तो महिनाभर निघत नाही, त्या म्हणाल्या, आणि लग्नकार्य आलं तरी तसेच घेऊन जायचे.

टॉमने लगेच कॅमेऱ्याची तिपाई उघडली. रुमलीबाई म्हणाल्या, "आधी जेवा. मग बोलू."

मी सांगितलं, उजेड जाईल.

"उजेड काय, उद्या पण इथंच येतो."

"त्यांना आज थोडं तरी..."

"ताई," त्या मला म्हणाल्या, "तुमच्याकडे न जेवलेल्या माणसाशी बोलतात का?"

मी वळले आणि जुडीला जसंच्या तसं सांगितलं. तिने टॉमकडे बघितलं आणि टॉमने तिपाई मिटली.

जेवायला मक्याची जाड भाकरी आणि उडदाची डाळ, त्यात मूठभर आमचूर, वर लाल तिखट. बाकी काही नाही. जुडी मांडी घालून बसली. एक भाकरी खाल्ली, दुसरी घेतली, तिसरीतली अर्धी मोडून घेतली. नाकातून पाणी आलं तरी थांबली नाही. आणि माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात तिने एकदाही उम्म केलं नाही. ती खरी जेवत होती.

जेवणानंतर रुमलीबाईंनी तिला सुरी दिली. संध्याकाळपर्यंत जुडीने कैऱ्या सोलल्या, मी पण सोलल्या. चीक लागून बोटांमधली कातडी चुरचुरत होती. कॅमेरा पिशवीतच. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रीकरण झालं तेव्हा दोघींचे हात सारखेच काळे होते, आणि रुमलीबाई जे बोलल्या ते त्या आदल्या दिवशी कधीच बोलल्या नसत्या. पूर्वी आमचूर मिठाच्या बदल्यात जायचा ते, पहिल्यांदा गटाच्या नावाने धडगावच्या बाजारात बसल्या ते, सगळं.

दुपारी मी मायला फोन करायला गेले. तिथे फोन लागतो तो फक्त एका सपाट दगडावर. गावातले लोक त्या दगडावर रांगेने उभे राहून बोलतात. माझ्या आधी एक जण होता, तो मुलीकडच्यांशी हळदीचा दिवस ठरवत होता. त्याचं झाल्यावर मी उभी राहिले.

"सरू, हिराकाकीनी आवतन धाडं शे," माय म्हणाली. "पन घरदीठ एक."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? तुले आवतन माहीत नही का?"

माहीत होतं. लग्नाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, दोन प्रकारचं असतं. परक्याचं, लांबचं असेल तर घरदीठ एक, घरातला एक माणूस येऊन जेवून जातो. आपलं माणूस असेल तर चूलबंद. त्या घराची चूल त्या दिवशी पेटायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. काकींनी तिकडच्या प्रत्येक घराला एक मत टाकायला सांगितलं होतं. आणि तिकडे एकेका घरात चार-चार, पाच-पाच मतं. सासू, सासरे, दीर, जावा, सगळे तिथलेच झालेले.

"काकींना सांग ना, सगळ्यांनी द्यायचं असतं म्हणून."

"मी कशी सांगू? ती म्हनस, परकी बाई शे, दोन घास चाखीसनी उठी गयी. तिन्हासाठे चूलबंद कसं धाडू? लोके मालेच इचारतीन." माय थोडं थांबली. "सरू, तू तठेच व्हतीस ना? तुले समजत व्हतं ना?"

मागे रांगेत माणसं उभी होती. मी "हाव" म्हणाले आणि दगडावरून उतरले.

जुडी आंब्याखाली बसून नखांतला चीक काढत होती. मी तिला सगळं सांगितलं. आवतन, चूल, झाकलेलं ताट, आणि चाखनारी बाई हा शब्दसुद्धा. तो सांगायला अवघड गेला.

तिने नखं कोरणं थांबवलं. मग म्हणाली, "तू मला तिथेच का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्हाला आमचे लोक मागासलेले वाटतील."

"आणि मी त्यांना कशी वाटले?"

ह्याचं उत्तर मी आधीच देऊन बसले होते. तीन दिवस मी बोलला गेलेला प्रत्येक शब्द इकडून तिकडे नेला होता. जे कुणी बोललं नव्हतं तेच न्यायचं राहिलं होतं, आणि दुभाषी लागतो तो त्यासाठी.

शेवटच्या दिवशी तोरणमाळला तळं आणि कडा टिपायचं ठरलं होतं. जुडीने ते रद्द केलं. तोरणमाळ इतकं सुंदर असून त्या भागात का नाही, असं मला पुष्कळ जणांनी नंतर विचारलं. त्याचं कारण हे.

परत कळसाडी

आम्ही सांगून गेलो नव्हतो. कॅमेरा गाडीत बंद ठेवला. दुपारची वेळ, काकी ओसरीवर सुपात डाळ निवडत होत्या. जुडीला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण उठल्या नाहीत.

"परत ऊनी का? काही राही गयं का कॅमेरामा?"

"जेवायला आली आहे," मी म्हणाले. "जेवण राहिलं होतं म्हणते."

काकींनी जुडीकडे बघितलं. डोक्याचा पंचा, काळे हात. मग त्या उठल्या.

"आज मांडा नही. खिचडी शे. जे शे ते."

"चालेल."

"अन् तो कथा शे, लंबा? गाडीमा का बसाडा? बलाव तेले. अन् दगडूले बी."

तुरीच्या डाळीची खिचडी, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, कढी, भाजलेला पापड, कैरीचं लोणचं. आम्ही चौघंही ओळीने बसलो. काकी वाढत होत्या आणि जुडीच्या ताटाकडे बघत होत्या, आई मुलाच्या ताटाकडे बघते तसं. जुडीने ताट संपवलं. माझ्याकडून आधीच शिकून घेतलेला शब्द तिने वापरला, "वाढा." काकींनी वाढलं. तेही संपलं. कढीची वाटी तोंडाला लावली. मग तिने मला बघून बघून ताटातच हात धुतला, म्हणजे आता पोट भरलं. टॉमने पण धुतला, पण पाणी जास्त घेतलं आणि ते त्याच्या मांडीवर गेलं.

जुडी म्हणाली, "त्यांना सांग, त्या दिवशी मी उठायला नको होतं. माझी चूक झाली."

मी सांगितलं, आणि माझ्या मनाने पुढे जोडलं, "काकी, चूक हिची नव्हती. मी सांगायला पाहिजे होतं. मला ताट दिसत होतं."

काकी म्हणाल्या, "तुले तं मी आजच समजी गयी नही. त्या दिनलेच समजी गयतू. मोठी इंग्रजी बोली ऱ्हायंतीस." मग जुडीकडे वळून, "माफी कसानी वं? तू उपाशी गयीस, तेन्हं माले वाईट वाटनं. मांडा मी गायले घाला."

मतांचं जुडीने काढलं नाही. मी पण नाही. काकींनी हात पुसले, चष्मा लावला, कोनाड्यातला फोन घेतला आणि ओसरीवर जाऊन बसल्या. त्यांच्या घरात गुजरी बोलतात. मी इथे आपल्या बोलीत लिहिते.

"हिरा बोली ऱ्हायनी, कळसाडीथून. परवानं आवतन घरदीठ एक व्हतं. ते बदलं. आते चूलबंद शे. घरमा जितला मोठा मानसे तठला ऱ्हानारा शेतस, बठासनी मत देवानं. आजच."

त्यांनी हा निरोप एकदा बोलून सगळ्यांना पाठवला नाही. प्रत्येक घराला वेगळा बोलल्या, प्रत्येकाचं नाव घेऊन, कारण चूलबंद आवतन असंच द्यायचं असतं, दारात जाऊन. तिकडे तेव्हा संध्याकाळ झाली होती, माणसं कामावरून घरी येत होती. फोन उलटे यायला लागले. एका घरी कुणाची तरी आई महिनाभरासाठी इथून गेली होती, तिने मत द्यायचं का?

"ती पाव्हनी शे. तिनं नही. नियम तो नियम," काकी म्हणाल्या.

मग त्यांच्या मुलीचा फोन आला. तो त्यांनी मोठ्या आवाजावर टाकला. मुलगी म्हणाली, "आई, चूलबंद? आपली काय नात्यातली आहे का ती?"

"मन्हा घर जेवनी शे," काकी म्हणाल्या, आणि पुढच्या घराचा नंबर लावला.

नंतर

जुडी तिच्या देशी गेली. तिच्या डोक्यावर तो पंचा होता आणि पिशवीत रुमलीबाईंनी दिलेला आमचूर. विमानतळावर आमचूर दाखवून परवानगी घ्यावी लागली, आणि त्या साहेबाला ते काय आहे हे सांगताना आपल्याला नियम तो नियम म्हणणाऱ्या काकीच आठवल्या, असं तिने कळवलं.

अंतिम यादी लागली. जुडीचं नाव त्यात होतं. आयुष्यात पहिल्यांदा. शेवटचा पुरस्कार तिला मिळाला नाही, तो बागकामाचा कार्यक्रम करणाऱ्या एका माणसाला मिळाला. तोही चांगला आहे म्हणे. आमच्या मतांनी ती यादीत आली, असं मी म्हणणार नाही. तिकडे मतांचे ढीग पडतात, त्यात आमच्या चार चुलींचं काय. हिराकाकींना मात्र ह्यात काही शंका नाही, आणि त्यांना समजावायला मी जात नाही. कार्यक्रम चालू राहिला आणि आमचा भाग पूर्ण झाला.

भाग माझ्या फोनवर आला तेव्हा मी म्हणाले, इथेच बघू. नाना म्हणाले, थांब. ते माळ्यावर चढले, चादरीतला टीव्ही उतरवला, पाठ उघडली. दोन दिवस ते त्याच्यापुढे बसून होते. माझ्या फोनमधलं चित्र त्या जुन्या टीव्हीवर यावं म्हणून शहाद्याहून एक डबी आणायला लावली आणि तिच्या वायरी स्वतः जोडल्या. मायने विचारलं, हा दुसऱ्याचा ना? नाना म्हणाले, "वीस वरीस झाये. आते आपला."

चित्र आलं. नाना म्हणाले, लाल थोडा जास्त आहे, आणि उठून कमी केला. हिराकाकी खास कळसाडीहून आल्या होत्या. गल्लीतल्या बायका दारापर्यंत बसल्या होत्या, पोर टीव्हीत जाणार का विचारणारी ती बाईही होती. मांडा फाटला तेव्हा सगळ्या हसल्या. रुमलीबाई बोलायला लागल्या तेव्हा कुणी हललं नाही. शेवटी नावं वर सरकत आली. त्यात इंग्रजीत माझं पूर्ण नाव होतं, मधे नानांचं नाव, आणि पुढे लिहिलं होतं, दुभाषी, म्हसावद. मायला इंग्रजी वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या बाईकडे बघितलं.

कुणी मालक आला नाही, नानांनी वायर गुंडाळली नाही. आमच्या घरात शेवटपर्यंत बघितलेला तो पहिला कार्यक्रम, आणि त्यात माझं नाव आहे.